गाइड व्हेनचे बिनग्रीसचे बुश: घ्यावेत का?

जलविद्युत केंद्रातल्या फ्रान्सिस टर्बाइनच्या गाइड व्हेनला (टर्बाइनमध्ये जाणारं पाणी कमी-जास्त करणारी फिरती पाती) ग्रीस लागणाऱ्या ब्राँझऐवजी बिनग्रीसचे कॉम्पोझिट बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) बसवणं फायद्याचंच. ग्रीसच्या नळ्या तुंबण्याची कटकट संपते, नदीत तवंग जात नाही. पण स्टेमवर, म्हणजे व्हेनच्या दांड्यावर, स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (बाहेरचं आवरण) हवीच. खरबरीत, गंजका स्टेम बुश खरवडून काढतो. खरा वैरी गाळ. खालच्या बुशचं सील गेलं की बारीक रेती आत शिरते, व्हेन जड होते आणि शिअर पिना (जास्त जोर आला की मुद्दाम तुटणाऱ्या सुरक्षा-पिना) तुटू लागतात. त्याआधीच सर्व्होमोटरच्या (व्हेन फिरवणाऱ्या तेलदाबाच्या सिलिंडरच्या) दोन बाजूंच्या दाबांतला फरक वाढलेला दिसतो, म्हणून नवे बुश बसवल्यावरचा आकडा लिहून ठेवावा. वरून ग्रीस मारायचा मोह नकोच, रेती धरून त्याची पॉलिश पेस्ट होते! मटेरियल पाण्यात फुगणारं असेल तर बोअरिंगआधीच (बुशचं भोक मापात कापण्याआधीच) तेवढी फट सोडावी.