फ्लॅशकार्ड की भरपूर ऐकणं-वाचणं?

नवीन भाषा शिकताना हे दोन रस्ते समोर येतातच. फ्लॅशकार्डचं (एका बाजूला शब्द, मागे अर्थ) काम सरळ आहे, शब्द विसरायच्या बेतात असताना तो परत समोर आणायचा, आज, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि नंतर विसरायचा वेग कमी होतो, अंकीसारखी फ्लॅशकार्डची अॅप्स याच गोष्टीचा फायदा घेतात. जपानीतली कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) किंवा जर्मनमधलं डेअर-डी-दास (नामाचं लिंग दाखवणारे शब्द) असेल तर मला तरी कार्डांशिवाय काही सुचत नाही.

पण कार्डावरचा शब्द एकटा असतो ना! फ्रेंचमध्ये अनेकवचनी नामाआधी येणाऱ्या शब्दाला नुसतं 'ले' म्हणतात, पण पुढे 'आमी' (मित्र) आलं की तेच 'लेझामी' होतं, आता हे कार्ड बघून कानात कसं बसणार, त्याला रोज ऐकायलाच पाहिजे आणि तेही बऱ्यापैकी समजेल असं, नाहीतर नुसता आवाज कानावरून जातो. कुठला शब्द कुणाबरोबर येतो हेही वाचूनच कळतं, इंग्रजीत डिसिजन 'मेक' करतात पण फोटो 'टेक' करतात.

वेळेचं म्हणाल तर कार्डं पंधरा मिनिटांत उरकतात, पण चार दिवस चुकले की ढीग साचतो आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. वाचनाचा असा तगादा नसतो.

मी पहिले हजारेक शब्द कार्डांवर करेन, नंतर वाचताना भेटलेल्या अख्ख्या वाक्यांचीच कार्डं बनवेन, सुट्या शब्दांची नाही.