राजदूत ३५० (हाय टॉर्क, १९८४) : अकरा महिने आणि ६,४०० किलोमीटरनंतरचा अनुभव

अकरा महिन्यांपूर्वी मी १९८४ सालची राजदूत ३५० ही मोटारसायकल विकत घेतली. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन दिवस पुण्यात कामावर जाण्यासाठी आणि सुट्टीच्या दिवशी भोर, वाई, पाचगणी, सातारा या बाजूला जाण्यासाठी मी तिचा वापर केला असून एकंदर ६,४०० किलोमीटर अंतर झाले आहे. या गाडीविषयी बोलताना लोक प्रामुख्याने तिच्या पिकअपविषयी आणि आवाजाविषयी बोलतात. ते कौतुक खरे आहे, पण गाडी घेऊ इच्छिणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मूळ गाडी यामाहाची आरडी ३५०. १९७३ ते १९७५ या काळात बनलेल्या त्या जपानी गाडीचे ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन ७,५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ३९ अश्वशक्ती देत असे आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने तीच गाडी राजदूत या नावाने भारतात आणली, तेव्हा शक्ती ३०.५ अश्वशक्तीपर्यंत उतरवली आणि डिस्कच्या जागी ड्रम ब्रेक दिला. पुढे मायलेज वाढावे म्हणून धुराची वाट आवळून २७ अश्वशक्तीची लो टॉर्क आवृत्ती निघाली. माझी गाडी आधीची, म्हणजे हाय टॉर्क. ६४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि सहा गिअर मात्र मूळ जपानी गाडीचेच राहिले. त्याच काळातील ३४६ सीसीची बुलेट १८ अश्वशक्ती देत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वेळच्या चालकांना या गाडीचे एवढे अप्रूप का वाटले असेल ते समजते.

चालवताना हे आकडे कसे जाणवतात? कार्ब्युरेटर आणि क्रँककेस (इंजिनाचा खालचा बंद कप्पा) यांच्या मध्ये पातळ पात्यांचे रीड व्हॉल्व्ह बसवलेले असल्यामुळे आत ओढलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण उलट फिरून बाहेर येत नाही, आणि त्यामुळेच शहरात तीन हजार आरपीएमच्या खालीसुद्धा गाडी कुरकुर न करता चालते. पाच हजारांच्या पुढे मात्र तिचा स्वभावच बदलतो. काटा साडेसहा हजारांकडे जात असताना पुढचे चाक हलके झाल्याचे हँडलमधून स्पष्ट कळते आणि तिसऱ्या गिअरमध्ये केलेले ओव्हरटेक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पूर्ण झालेले असते. महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये ताशी ८० च्या वेगाला इंजिन निवांत असते, आणि मी बहुतेक वेळा तिथेच राहतो. याचे कारण ब्रेक.

पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू स्वतःहून आवळत जाणारे आहेत, आणि नीट जुळवलेला असेल तर तो ब्रेक एकदा फार चांगला लागतो. प्रश्न ड्रम तापल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येतो. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना निम्म्या वाटेवरच लिव्हर हँडलच्या जवळ येऊ लागला होता. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसे धरून ठेवत नाही, आणि थ्रॉटल बंद ठेवून इंजिन जोरात फिरू दिले तर त्याला ऑइलही कमी मिळते, कारण इथे ऑइलचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणेच थ्रॉटलच्या केबलवरही चालतो. त्यामुळे उतारावर थोड्या थोड्या वेळाने थ्रॉटल किंचित उघडणे आणि दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरणे मी अंगवळणी पाडून घेतले आहे. ब्रेक शूंना नवीन लायनर (घर्षणाचे अस्तर) घातल्यावर आणि ड्रम लेथवर गोल करून घेतल्यावर पुष्कळ फरक पडला. तरीही पावसात पाणी आत गेल्यावर पहिला ब्रेक निसटताच लागतो.

तिसऱ्या महिन्यात डाव्या बाजूचा पिस्टन चिकटला. गाडी माझ्याकडे येण्यापूर्वी कोणा मेकॅनिकने ऑइलचा पंप बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळण्याची सोय केली होती, आणि मीही तेच पुढे चालू ठेवले होते. इंजिन उघडल्यावर मात्र खरे कारण क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) डाव्या टोकाचे सील असल्याचे दिसले. ते सील कडक झाले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन तापून चिकटतो. उजव्या बाजूचे सील गेले तर क्लचच्या बाजूचे गिअर ऑइल ओढले जाऊन पांढरा धूर येतो, म्हणजे निदान ते दिसते तरी. डाव्या बाजूचे दुखणे चिकटेपर्यंत दिसत नाही. मी चारही मुख्य बेअरिंग आणि सील बदलले, सिलिंडर पुढच्या मापाला बोअर केले आणि पंप दुरुस्त करून पुन्हा जोडला. हा खर्च गाडीच्या किमतीत आधीच धरून चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन सिलिंडरसाठी दोन वेगळे पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे, उघडझाप करणारे संपर्क) आहेत. त्यांतील फट ०.३ ते ०.४ मिमी असावी लागते, आणि दोन्हींचे टायमिंग डायल गेज लावून स्वतंत्रपणे बसवावे लागते. नुसत्या अंदाजाने बसवले तर एक सिलिंडर नेहमी दुसऱ्याहून जास्त तापतो. ठिणगी बॅटरीवर अवलंबून असल्याने बॅटरी पूर्ण उतरली की कितीही किक मारा, गाडी सुरू होत नाही.

हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलविषयी विशेष सांगावेसे वाटते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) मिश्रण आपोआप हलके होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकला नेमके तेच घातक असते. मी मेन जेट एक माप मोठा केला, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलल्या, आणि गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तेव्हा कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवतो. त्यानंतर प्लगचा रंग फिक्या पांढऱ्याऐवजी चहासारखा येऊ लागला. वर पाचगणीला हवा विरळ असल्यामुळे त्याच जेटवर पेट्रोल जास्त होऊन गाडी थोडी जड चालते, परंतु तेवढे चालवून घेण्यासारखे आहे.

मायलेज शहरात १९ ते २१ आणि बाहेर २४ च्या आसपास मिळते. कायद्याने विंटेज ठरायला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे या गाडीची नोंदणी अजून दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. पाहायला जाल तेव्हा रंग आणि क्रोम नंतर पाहा. आधी ऑइलचा पंप जोडलेला आहे का, हे विचारा. मग गाडी पूर्ण गरम होऊ द्या आणि थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येतात का, ते बघा. ते वरच रेंगाळत राहिले तर बाहेरची हवा कुठून तरी आत येते आहे.