जुनी गाडी, वर्षाखेर आणि कोरी पिंक स्लिप

जुनी गाडी दान करा आणि टॅक्समध्ये तिची ब्लू बुकमधली, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भावसूचीतली, पूर्ण किंमत वजा करून घ्या, असं अमेरिकेत तुम्हाला कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. आजकालच नाही, २००५ पासून खोटं बोलतोय. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून कायदा बदलला. संस्थेने तुमची गाडी विकली आणि ५०० डॉलरपेक्षा जास्त पैसे आले, तर जेवढ्याला विकली तेवढीच वजावट. लिलावात नऊशे आले तर नऊशे. ब्लू बुक काय म्हणतं याला काही किंमत नाही. संस्थेने ती गाडी स्वतः खरोखर वापरली (डबे पोचवायला वगैरे), तिच्यात मोठी दुरुस्ती केली किंवा एखाद्या गरजू माणसाला नाममात्र किमतीत दिली, तरच बाजारभाव धरता येतो. बहुतेक गाड्या यातल्या कशातच बसत नाहीत, थेट लिलावाला जातात.

हे आम्हाला फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या सीपीएबाईंनी (सीपीए म्हणजे इथले सीए) सांगितलं. गाडी गेली होती डिसेंबर २०२४ मध्ये.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. नवऱ्याची २००९ ची कॅमरी होती. चालू होती, पण दारात नुसती उभी असायची आणि तिच्या इन्शुरन्सचे पैसे जात होते. विकायची तर स्मॉग टेस्ट (पीयूसीसारखी धुराची तपासणी) करा, जाहिरात टाका, अनोळखी लोकांना घरी बोलवा. नवऱ्याने फोनवर गाडी दान करण्याबद्दल शोधलं आणि सगळ्यात वर जी जाहिरात आली तिथे नंबर दिला. पाच मिनिटांत फोन. संस्थेचं नाव लहान मुलांच्या एका नावाजलेल्या संस्थेसारखंच, एखाद्या शब्दाचा फरक. बोलणारी बाई इतकी गोड की विचारू नका. टो ट्रक फुकट, कागदपत्रं आम्ही बघू, स्मॉगची काळजी नको, आणि "यू गेट द फुल व्हॅल्यू". वर पालुपद एकच, ३१ डिसेंबरच्या आत गाडी उचलली गेली पाहिजे, नाहीतर या वर्षीची वजावट गेली.

त्यातली तारखेची गोष्ट खरी होती, आणि म्हणूनच बाकीचंही खरं वाटतं. २०२४ च्या रिटर्नमध्ये दाखवायचं असेल तर दान २०२४ मध्येच झालं पाहिजे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अर्धी ऑफिसं बंद असतात, खात्री करायला फोन लागत नाहीत, आणि ट्रक मात्र उद्या सकाळी यायला तयार असतो.

ट्रकवर कुठल्याच संस्थेचं नाव नव्हतं. ड्रायव्हरने पिंक स्लिप मागितली. गाडीच्या मालकीच्या कागदाला इथे सगळे पिंक स्लिपच म्हणतात. नवऱ्याने विकणाऱ्याच्या जागी सही केली आणि घेणाऱ्याच्या जागी संस्थेचं नाव लिहायला पेन टेकवलं, तर ड्रायव्हर म्हणाला, ते राहू द्या, आमचं ऑफिस भरतं, हाताने लिहिलं तर डीएमव्हीवाले (इथलं आरटीओ) परत पाठवतात. हातात एक पावती दिली. त्यावर संस्थेचं नाव, पत्ता, एक कर क्रमांक, आणि "गाडीची किंमत" पुढे रिकामी रेघ. ही तुम्हीच भरा म्हणाला.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. ट्रक गेल्यावर पावती उलटसुलट करून म्हणाल्या, "अहो, आमच्या गणपती मंडळाचं पोरगंसुद्धा एकशे एक रुपयांची पावती आकडा घालून फाडतं. ही कसली पावती?" आम्ही हसलो. भारतात आयकराच्या ८०जी कलमाखाली वस्तूचं दान चालतच नाही, फक्त पैशाचं चालतं. त्यामुळे गाडी देऊन वजावट हा प्रकार त्यांना मुळातच संशयास्पद वाटत होता. इथे वस्तूचं दान कायदेशीर आहे, हे त्यांना पटवून देण्यात आमची संध्याकाळ गेली. पावतीचा मुद्दा मात्र त्यांचाच बरोबर होता.

५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट घ्यायची तर फॉर्म १०९८-सी लागतो. गाडी विकल्यापासून ३० दिवसांच्या आत तो संस्थेने द्यायचा असतो. त्यावर गाडीचा व्हिन क्रमांक, विकल्याची तारीख आणि आलेली रक्कम असते. रिटर्नला तो जोडावा लागतो. तो नसेल तर पाचशेच्या वरचं सगळं विसरायचं. आमच्याकडे तो आलाच नाही. फोन केला तर आधी "प्रोसेसिंगमध्ये आहे", मग नुसता व्हॉइसमेल, मग नंबरच बंद. सीपीएबाईंनी पावतीवरचा कर क्रमांक आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, संस्था शोधायच्या पानावर टाकला. क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच एका संस्थेचा, आणि तिची करमाफी कधीच रद्द झालेली. सलग तीन वर्षं वार्षिक विवरण भरलं नाही की ती आपोआप रद्द होते आणि नाव वेगळ्या यादीत जातं. कोणीतरी त्या यादीतून एक मेलेला क्रमांक उचलून पावतीपुस्तक छापून घेतलं होतं.

मग बाईंनी जो हिशोब मांडला तो मला फसवणुकीपेक्षा जास्त झोंबला. २०२४ साठी नवराबायकोची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे वेगवेगळ्या वजावटी मांडण्याऐवजी मिळणारी सरसकट वजावट, २९,२०० डॉलर होती. आमचं गृहकर्जाचं व्याज साधारण १५,००० आणि राज्याचा व मालमत्तेचा कर मिळून तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे १०,०००. म्हणजे २५,०००. त्यात गाडीचे पूर्ण ५,००० धरले असते तरी ३०,०००. स्टँडर्ड डिडक्शन तशीही मिळतेच, म्हणजे खरा फायदा वरच्या ८०० वर. आम्ही २४ टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे १९२ डॉलर. कॅलिफोर्नियाच्या करात आणखी साडेचारशेच्या आसपास सुटले असते. हे सगळं खरं निघालं असतं तर! आणि लिलावात दीड हजाराला गेली असती, तर बेरीज २६,५०० आणि फेडरल करात फायदा शून्य. तीच गाडी स्मॉग करून विकली असती तर चार हजार हातात आले असते, आणि त्यातला हवा तेवढा चेक हव्या त्या संस्थेला देता आला असता.

२०१७ च्या करकायद्याने स्टँडर्ड डिडक्शन जवळजवळ दुप्पट केली, तेव्हापासून बहुतेक घरांना वेगवेगळ्या वजावटी मांडून काहीच मिळत नाही. तरी वर्षाखेरीच्या जाहिराती जुन्याच. २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही दानाची थोडी वजावट मिळणार आहे, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत. पण ती रोख दानाची आहे, गाडी त्यात येत नाही. या नव्या नियमाचं नाव घेऊन फोन येतील, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

आता कोऱ्या पिंक स्लिपचं पुढे काय झालं ते सांगते. मार्चमध्ये फास्ट्रॅकचं, म्हणजे टोलचं, बिल आलं, बे ब्रिज, आठ डॉलर. मागोमाग ओकलंडचं पार्किंगचं तिकीट. कॅलिफोर्नियात नंबर प्लेट गाडीसोबतच जाते, त्यामुळे कोणी नावावर करून घेतलीच नाही तर बिलं जुन्या मालकाकडे येत राहतात. त्यातून वाचलो ते एकाच कारणाने. गाडी गेली त्याच रात्री मी डीएमव्हीच्या साइटवर रिलीज ऑफ लायबिलिटी (गाडी आता आपल्याकडे नाही हे कळवणारा फॉर्म) भरलं होतं. इथे ते पाच दिवसांच्या आत भरायचं असतं, फुकट आहे, ओडोमीटरचा आकडा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो. त्याच्या पोचेची प्रत पाठवल्यावर दोन्ही बिलं रद्द झाली. आईशपथ सांगते, बाकी काही करू नका, पण हे करा. आणि पोच छापून ठेवा.

मग एप्रिलमध्ये एक हाताने लिहिलेलं पत्र आलं. हेवर्डच्या एका विद्यार्थ्याचं. त्याने आमची कॅमरी एका माणसाकडून ३,८०० डॉलर रोख देऊन घेतली होती. पिंक स्लिपवर माझ्या नवऱ्याची सही होती म्हणून त्याला वाटलं विकणारा माणूस तोच. डीएमव्हीत गेला तर त्यांच्याकडे घेणारा म्हणून मी लिहिलेलं संस्थेचं नाव, स्मॉगचं प्रमाणपत्र नाही, आणि नावावर होईना. कागदावर आमचा पत्ता होता, म्हणून त्याने लिहिलं. पत्रात राग नव्हता, "सर, प्लीज हेल्प" एवढंच.

म्हणजे गाडी कुठल्याही मुलांपर्यंत, कुठल्याही लिलावापर्यंत गेलीच नव्हती. घेणाऱ्याची जागा कोरी असली की मधला माणूस कागदावर कुठेच दिसत नाही. त्याला ना नोंदणी, ना कर, ना स्मॉगची जबाबदारी. फुकट आणलेली गाडी ३,८०० ला. टॅक्सची वजावट हे निव्वळ आमिष होतं, त्याला हवी होती ती सही केलेली कोरी पिंक स्लिप.

इथल्या मराठी मंडळातले एक काका म्हणाले, मग मोठ्या, नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावी. द्यावी, पण तिथेही डोळे उघडे ठेवा. २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दान केलेल्या ५४ गाड्यांचा माग काढला होता. देणगीदारांनी करात जी किंमत दाखवली, तिच्या जेमतेम ५ टक्के किंवा त्याहून कमी पैसे दोनतृतीयांश गाड्यांमधून संस्थांच्या हाती पडले होते. त्यानंतरच कायदा बदलला. आणि २०२५ मध्ये एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारं केंद्रीय खातं) काही राज्यांबरोबर गाड्या गोळा करणाऱ्या एका कंपनीविरुद्ध कारवाई केली. कर्करोगाच्या तपासण्यांसाठी म्हणून २०१७ ते २०२२ या काळात साडेचार कोटी डॉलरच्या वर गोळा झाले, आणि प्रत्यक्ष तपासण्यांवर गेले सव्वा लाखाच्या आसपास. शेकडा ०.२८. तिथे संस्था कागदोपत्री खरी होती, पावत्या खऱ्या होत्या.

म्हणून कॅलिफोर्नियात असाल तर आयआरएसबरोबरच राज्याच्या अॅटर्नी जनरलची नोंदवही बघा. संस्थेचं नाव तिथे चालू आहे, थकलेलं आहे की निलंबित, ते दिसतं. संस्थेसाठी पैसे घेऊन गाड्या गोळा करणाऱ्या कंपनीलाही तिथे नोंदणी करावी लागते. फोनवर सरळ विचारा, गाडी विकणार कोण, आणि आलेल्या पैशातला किती हिस्सा संस्थेला. आणि फोन तुम्ही करा, संस्थेच्या स्वतःच्या नंबरवर. जाहिरातीतून आलेल्या फोनवर काही ठरवू नका. पिंक स्लिपवर संस्थेचं पूर्ण नाव तुमच्या हाताने लिहा आणि मगच सही करा. ड्रायव्हर नको म्हणाला तर ट्रक रिकामा परत जाऊ दे.

आम्ही आयआरएसला फॉर्म १३९०९ (संस्थेविरुद्धच्या तक्रारीचा) पाठवला, अॅटर्नी जनरल आणि एफटीसीकडे तक्रार केली, शहराच्या पोलिसांत रिपोर्ट दिला. पावतीवरचा पत्ता एका टपालपेट्या भाड्याने देणाऱ्या दुकानाचा निघाला. आयआरएसकडून पोच आली. कोणावर काय कारवाई केली ते आयआरएस तक्रारदाराला कळवत नाही, त्यामुळे तिथे वाट बघण्यासारखं काही नाही. रिटर्नमध्ये गाडीपोटी आम्ही एक डॉलरही दाखवला नाही.

हेवर्डच्या मुलासाठी नवऱ्याने काय घडलं ते डीएमव्हीच्या फॉर्मवर लिहून सही करून दिलं, पोलीस रिपोर्टची प्रत जोडली. स्मॉगला गाडी नापास झाली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला होता. तो खर्च आम्ही दोघांत वाटून घेतला. उन्हाळ्यात गाडी त्याच्या नावावर झाली.