शेजारच्यांची बेबीसिटर: सेवा कुठे पक्की, कुठे कच्ची आणि शेजाऱ्याने काय करायचं

एजन्सीमार्फत घरी येणाऱ्या बेबीसिटरबद्दल अभिप्राय लिहितात ते आईवडील, आणि ती काम करत असताना नेमके तेच घरी नसतात. जिन्यात, खिडकीत, भिंतीपलीकडे काय चाललंय ते शेजाऱ्याला कळतं. म्हणून हे परीक्षण शेजाऱ्याच्या बाजूने.

एजन्सी तीन गोष्टी विकते: ओळखीची तपासणी, प्रशिक्षण आणि बाई जमली नाही तर बदली. तपासणी हवीच, पण त्यातून बाई कोण आहे ते कळतं, दुपारी तीन वाजता ती काय करते ते नाही. बदलीची हमी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात नवा चेहरा आला की मुलाचं रडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. पैसे मोजायचे ते प्रशिक्षणाचे, आणि ते प्रमाणपत्र पाहून कळत नाही, विचारून कळतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला श्वास घेता येईना, तर? बाळ हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, पाठीवर 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब. पोट दाबायचं नाही, न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही. भाजलं तर? 20 मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. झोपवताना? पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, उशी आणि मऊ खेळण्यांशिवाय. तिन्हींना ‘डॉक्टरांकडे नेईन’ एवढंच उत्तर आलं, तर प्रशिक्षण झालेलं नाही असं समजा.

आता शेजाऱ्याचा प्रश्न. जे आवडत नाही ते आणि जे धोक्याचं आहे ते आधी वेगळं काढा. बाई फोनवर बोलत बसते, मुलाचे कपडे मळलेले, टीव्हीवर कार्टून चालूच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर 1 तास. तेव्हा तीन तास कार्टून ही वाईट सेवा खरीच, पण दार वाजवण्याचं कारण नव्हे. नुसतं रडणंही पुरावा नाही. रडणाऱ्या मुलाला कुणी ओ देतंय का, ते ऐका.

मूल घरात एकटं, टबात किंवा बादलीपाशी एकटं, खिडकीच्या कट्ट्यावर चढलेलं, किंवा बाळाला धरून गदागदा हलवलं जातंय, अशा वेळी संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. 5 सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि बुडताना बहुधा आवाज होत नाही. बाळाची मान कच्ची आणि डोकं जड असतं, त्यामुळे हिसक्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हलवलेलं दिसलं तर वरून खूण नसली तरी त्याच दिवशी दवाखाना. दार वाजवा, तिथूनच आईवडिलांना फोन लावा, कुणी येईपर्यंत हलू नका. दार उघडत नसेल तर थेट आपत्कालीन सेवा. मूल उचलून स्वतःच्या घरी नेणं हा शेवटचा उपाय. न्यावंच लागलं तर उचलण्याआधी आईवडिलांना कळवा.

बाकीच्या गोष्टी वहीत टिपा: तारीख, कधीपासून कधीपर्यंत, काय दिसलं, कुठून दिसलं. ‘बाई बेजबाबदार आहे’ म्हटलं की भांडण होतं. ‘मंगळवारी 3:40 ते 4:05 मूल जिन्यात एकटं होतं, दार बंद होतं, दोनदा हाक मारली, कुणी आलं नाही’ म्हटलं की पडताळता येतं. व्हिडिओ काढू नका आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. मुद्दा बाजूला पडतो, बाई सावध होते आणि आईवडील तुमच्याशीच भांडतात.

सांगायचं त्याच संध्याकाळी, समोरासमोर, बाई आणि मूल जवळ नसताना. ‘वहिनी, दोन मिनिटं बोलायचं होतं. आज पावणेचारला मी जिन्यातून येत होते तेव्हा...’ एवढी सुरुवात पुरे. पहिली प्रतिक्रिया बहुधा रागाची येईल, कारण उद्या सकाळी त्यांना ऑफिस गाठायचंय आणि मूल त्याच बाईच्या हाती सोपवायचंय. म्हणून तक्रारीबरोबर करता येईल असं काही सुचवा: पंधरवड्यात दोन-तीनदा न सांगता, वेगवेगळ्या वेळी घरी येणं, रोज हातबदलाची 10 मिनिटं, ज्यात जेवण, झोप, औषध वेळेसकट सांगितलं जातं. औषधात हमखास घोळ होतो. आईने सातला पॅरासिटामॉल दिलेलं असतं, बाई नऊला पुन्हा देते. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते आणि ओट्यावरचा चमचा हे माप नव्हे.

कॅमेरा बसवा, असं सगळेच सांगतात. उपयोग आहे, पण किती ते बघा. साधारण 1 एमबीपीएसने (सेकंदाला 1 मेगाबिट) सतत रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला जवळपास 11 जीबी जातात. 64 जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसलं जातं. म्हणजे तुम्ही आठवड्याने सांगितलंत तर बघायला काही उरलेलं नसतं. कॅमेरा एकच खोली बघतो, जिना नाही. तो आहे हे बाईला सांगून ठेवावं: लपवलेला कॅमेरा चूक झाल्यावर दाखवतो, सांगून लावलेला आधीच थोडा वचक ठेवतो.

एजन्सीला शेजाऱ्याने फोन करून फारसं काही होत नाही, तिचा करार आईवडिलांशी. दोनदा सांगूनही धोका तसाच राहिला तर बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. मात्र एक बघा: बाळ, ओटा आणि कपडे तिन्ही एकाच बाईच्या गळ्यात असतील, तर जिन्यातल्या त्या पंचवीस मिनिटांना तिच्याइतकेच ठेवणारेही जबाबदार आहेत.

बाई बदललीच तर किल्ली परत घ्यायची, कॅमेऱ्याचा पासवर्ड नवा करायचा आणि शाळेतून मुलाला घ्यायला येणाऱ्यांच्या यादीतून नाव काढायचं. हे तिसरं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.