सोळा जणांचं जेवण नागपुरात: सावजी, थाळी की मेनूकार्डवालं रेस्टॉरंट?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पुण्याची आत्या, अमरावतीचे काका, त्यांची लेकरं असे सगळे नागपुरात येतात आणि दुसऱ्याच दिवशी विषय निघतो, "आज बाहेरच जेवू." चौघं असले की चवीवरून जागा ठरवता येते. सोळा जणांत मात्र ब्याऐंशी वर्षांची आजी असते, तिखट न सोसणारं तीन वर्षांचं लेकरू असतं आणि मटण खाल्ल्याशिवाय परत जाणार नाही म्हणणारा भाचाही असतो. अशा वेळी मी आधी एकच बघते: सगळ्यांच्या ताटात एकाच वेळी अन्न पडेल का?

सदर, धरमपेठ, वर्धा रोड या भागांतली मेनूकार्डवाली एसी रेस्टॉरंटं सगळ्यांना आधी सुचतात. लेकरांना पनीर, आजीला दाल, भाच्याला चिकन, ज्याचं त्याला मिळतं. अडतं ते रोटीपाशी. मागच्या मे महिन्यात आम्ही अशाच एका ठिकाणी तीन टेबलं जोडून बसलो. भट्टी एकच आणि हॉल भरलेला, म्हणून रोट्या पाच-पाच करून येत होत्या. टोपली दरवेळी वेटरच्या बाजूला टेकायची आणि तिथली पोरं ती रिकामी करायची. आजी भिंतीकडच्या टोकाला, एसीच्या झोतात. तिच्या वाटीतल्या दालवरचं तूप थिजून पांढरं झालं, तरी ताटात रोटी नव्हती. शेवटी तिने नुसता भात खाल्ला. मला ते अजून लागतं.

तुम्ही हेच निवडणार असाल तर म्हाताऱ्यांना वेटर येतो त्या टोकाला बसवा आणि भाज्यांसोबतच निम्म्या रोट्या आणि भात सांगून टाका. बिल नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के असतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे: तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलं. सोळा जणांच्या बिलात ही रक्कम लहान नसते, तेव्हा काढून टाकायला सांगायला संकोच करू नका.

अनलिमिटेड थाळीत वाट बघणं जवळपास नसतंच. बसलं की वाट्या भरतात, वाढपी गरम फुलके घेऊन फिरत राहतात आणि आजीला "अर्धीच वाढ रे बाळा" म्हणता येतं. पंगतीसारखंच. माणशी दर ठरलेला असल्याने किती पैसे लागतील ते आधीच कळतं. पण दोन फुलके खाणाऱ्यालाही पूर्ण थाळीचेच पैसे पडतात आणि एका थाळीत दोघांना जेवू देत नाहीत. लहान मुलांचा वेगळा दर आहे का, ते फोनवरच विचारा. बहुतेक थाळ्या शाकाहारी, त्यामुळे भाचा नाराज होणार.

आता सावजी. हलबा कोष्टी समाजाच्या घरातली ही चव नागपूरची खरी ओळख. महाल, इतवारी, गोळीबार चौकाकडे गेलात तर भाजलेल्या मसाल्याचा वास रस्त्यावरच येतो. काळसर पातळ रस्सा, वर लाल तर्री, सोबत पोळी किंवा भाकरी आणि चिरलेला कांदा. मटण न खाणाऱ्यांसाठी पाटोडी रस्सा, डाळकांदा. पदार्थ मोजके असल्याने ताटंही लवकर लागतात. पण कमी तिखटाचं सावजी मागण्यात अर्थ नाही. खसखस आणि गरम मसाल्यांचा तो जोरच त्याची चव आहे. लहान लेकराला तिथे काय द्यायचं हा प्रश्न राहतोच, आणि जुन्या भोजनालयांत जागाही आटोपशीर असते. सगळे मोठे, सगळे मटण खाणारे असतील तर मात्र दुसरीकडे जाऊच नका.

आमच्यासारखं मिश्र कुटुंब असेल तर बाहेरचं जेवण थाळीचंच घ्या, आणि सावजी दुसऱ्या संध्याकाळी घरी आणा. पोळ्या, भात, वरण घरचं. मटण आणि रस्सा तेवढा पार्सल. जाताना झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पिशवीतला गरम रस्सा गाडीवर हिंदकळतो आणि घरी येईस्तोवर तर्री सगळी प्लास्टिकला लागलेली असते.