मॅंगनीज: मनसरचं की समुद्रतळाचं?

शेजारच्या काकूंची मुलगी भूशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रबंधासाठी नागपूरजवळच्या मनसरची मॅंगनीजची खाण घ्यावी की हिंद महासागराच्या तळावरच्या मॅंगनीज गाठी, म्हणजे धातू साचून बनलेले गोळे, यावर तिचं घोडं अडलंय.

नमुन्यांचं आधी पाहू. परवानगी मिळाली की मनसरला सकाळी एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. गाठी मात्र पाच किलोमीटर पाण्याखाली; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे साकडं घालावं लागेल.

गाठींची खरी गंमत धातूंत आहे. मॅंगनीज साधारण २४ टक्के, शिवाय निकेल आणि तांबं एकेक टक्क्याच्या आसपास, थोडं कोबाल्ट. विदर्भातल्या चांगल्या खनिजात मॅंगनीज बरंच जास्त, पण ही जोड नाही.

काढण्याचं म्हणाल तर हिंद महासागरात भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे, त्यासाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२चा शोधकरार आहे. २०२१मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं 'वराह' हे समुद्रतळावरचं खाणयंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिलं. ती चाचणीच, उत्पादन नव्हे.

नुकसान? खाणीची धूळ आणि मातीचे ढीग डोळ्यांना दिसतात, जाब विचारता येतो. गाठ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढते. पेरूजवळ १९८९मध्ये प्रयोगासाठी नांगरलेल्या तळावरचे चर २०१५मध्येही तसेच होते. मला हे जास्त भीतीदायक वाटतं.

लवकर नोकरी हवी, तर मनसर. मॅंगनीज काढणारी सरकारी कंपनी मॉयल आणि खाणींवर देखरेख करणारा भारतीय खाण ब्युरो, दोन्हींची मुख्यालयं नागपुरातच आहेत. पुढे पीएच.डी. करायची आणि गोवा-चेन्नईला राहायची तयारी असेल, तरच गाठी.