टॅब, जुना लॅपटॉप की मायक्रोबिट? गावातल्या मुलांसाठी घेण्याआधी

कापसाचा चुकारा हातात पडला की बऱ्याच घरांत पोरांसाठी टॅब घ्यायचा विषय निघतो. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेतही तोच पेच असतो, पैसे मोजके आणि दुकानात वस्तू ढीगभर. माझं मत आधीच सांगते: पाचवीच्या पुढच्या मुलासाठी जुना लॅपटॉप घ्या, आणि जमलं तर सोबत एक मायक्रोबिट, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायची छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी. मी प्रत्येक वस्तूबद्दल एकच गोष्ट बघते. नेट नाही, शिकवणारं शेजारी कुणी नाही, अशा वेळी पोरगं तिच्यावर स्वतःचं काही बनवू शकतं का?

टॅब यात अगदीच मागे पडत नाही. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्राम रचायची भाषा अँड्रॉइड टॅबवर नेटशिवाय चालते. पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी स्क्रॅचज्युनिअर आहे, त्यात वाचता येण्याचीही अट नाही. एवढ्या लहानांसाठी टॅबच बरा. लाइन गेली तरी अडत नाही. पण बोटाने मोठा प्रोग्राम रचणं किचकट, टायपिंग त्याहून किचकट, आणि नेट आलं की व्हिडिओ एका बोटावर. थोड्याच दिवसांत टॅब नुसता बघण्यापुरता उरतो, ही माझी खरी काळजी आहे.

घरातला मोबाईल स्क्रॅचसाठी धरू नका. त्याचा कॅमेरा आणि रेकॉर्डर मात्र मोलाचे आहेत. पोळ्याला म्हणायच्या पारंपरिक ओळी, म्हणजे झडत्या, म्हाताऱ्यांकडून रेकॉर्ड करायच्या, त्यांना स्वतः काढलेली चित्रं जोडायची, हे काम आजच सुरू करता येतं आणि त्याला खर्चही नाही.

जुना लॅपटॉप बारा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतो. किमान ४ जीबी रॅम (कामाची मेमरी) आणि एसएसडी (वेगवान साठवण) असलेलाच घ्या. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ न चालणाऱ्या मशीनवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली टाकून घ्यावी. लिनक्ससाठी स्क्रॅचचं अधिकृत ऑफलाइन अ‍ॅप नाही, पण टर्बोवार्प या स्क्रॅचसारख्याच दुसऱ्या प्रोग्रामवर तेच प्रोजेक्ट उघडतात. तालुक्याला एकदा डाउनलोड करून पेनड्राइव्हने आणलं की झालं. अडचण आपल्याकडच्या विजेची आणि उन्हाची. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा चांगल्या स्पाइक गार्डशिवाय चार्जर लावू नका. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी लांब. पण मे महिन्यात टिनाखाली दुपारी मशीन चालवू नये. सकाळची वेळ ठरवा.

मायक्रोबिट २०१६ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांसाठी आणलं. तळहातात मावणारी पाटी, २५ छोटे दिवे, दोन बटणं, दोन पेन्सिल सेलवर चालते. मेककोड, म्हणजे त्याचे प्रोग्राम रचायचं संकेतस्थळ, एकदा नेटवर उघडलं की ब्राउझरमध्ये साठून राहतं, प्रोग्राम यूएसबीने पाटीवर टाकता येतो. कुंडीतल्या काळ्या मातीत दोन खिळे खोचा. एकाची तार ३ व्होल्टच्या टोकाला, दुसऱ्याची शून्य क्रमांकाच्या पिनेला जोडा. पाटी ० ते १०२३ मधला आकडा देते, माती ओली तेवढा आकडा मोठा. मग पोराला स्वतःच ठरवावं लागतं की कोणत्या आकड्याखाली रोप तहानलेलं समजायचं. मुरमाड मातीत तोच आकडा लागू पडतो का? प्रवाह सतत चालू ठेवला तर खिळे लवकर गंजतात, म्हणून मोजण्यापुरताच तो सोडायचा. ही युक्ती पोरांना स्वतः सापडू द्या, सांगायची घाई करू नका. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला होता. मला हे काम त्याच वाटेवरचं वाटतं.

आर्डुइनो हीसुद्धा प्रोग्राम टाकायची अशीच पाटी. तिची नक्कल याहून स्वस्त मिळते, पण तिथे प्रोग्राम सहसा टाइप करून लिहावा लागतो. आठवी-नववीत घ्यावं.

अभ्यासिकेसाठी एक लॅपटॉप आणि दोन मायक्रोबिट पुरतात, एका मशीनवर दोघं-तिघं बसली तर उलट बरंच. लॅपटॉप घ्यायला अमरावती-नागपूरला गेलात तर पैसे देण्याआधी चार्जर काढून अर्धा तास त्यावर काम करून बघा, आणि पोराला सोबत न्या. कीबोर्डची अडकणारी बटणं त्याच्या हाताला तुमच्याआधी कळतील.